पासून–पर्यंत : नोंदींच्या राशीतून नेमके निवडण्याची रीत

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही लहान यंत्रशाळेत डोकावले, तर तपासनिसाच्या मेजावर पोलादाचा एक दुतोंडी दांडा बहुधा दिसतोच. कारागीर त्यास ‘गो–नो गो गेज’ म्हणतात. आरेखनावर पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या छिद्रापुढे ‘एच ७’ अशी खूण असेल, तर त्या छिद्राचा व्यास २५.००० मिलिमीटरपेक्षा कमी नसावा आणि २५.०२१ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, असा त्या खुणेचा अर्थ असतो. तपासनीस प्रत्येक छिद्राचे माप घेत बसत नाही. गेजचे ‘गो’ टोक छिद्रात शिरले पाहिजे आणि ‘नो गो’ टोक शिरता कामा नये, एवढेच तो पाहतो. पहिल्या टोकाने खालची मर्यादा तपासली जाते, दुसऱ्याने वरची. दोन्ही कसोट्यांस उतरलेला भाग एका पेटीत जातो, न उतरलेला दुसऱ्या पेटीत. कोणता भाग अधिक चांगला आणि कोणता कमी, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

संगणकात साठविलेल्या लक्षावधी नोंदींतून हव्या त्या वेचून काढण्याची एक रीत अगदी याच धर्तीची आहे. संगणकतज्ज्ञ तिला ‘रेंज क्वेरी’ म्हणतात. मराठीत तिला ‘पल्ल्याची पृच्छा’ म्हणता येईल. सामान्य माणसास ती ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दांनी परिचित आहे. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय शोधताना दिनांकाच्या ज्या दोन चौकटी भरावयाच्या असतात, बँकेकडे खात्याचा उतारा मागताना ज्या दोन तारखा द्याव्या लागतात, त्यांमागे हीच पृच्छा काम करीत असते. दिसावयास ती इतकी साधी आहे की तिच्यात काही चुकू शकेल असे कोणास वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र तिची चूक सहजासहजी उघडकीस येत नाही. कारण जी नोंद यादीत यावयास हवी होती आणि आली नाही, तिची अनुपस्थिती पडद्यावर दिसत नाही.

चाकणचा दाखला

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा सारा परिसर पाहता पाहता कारखान्यांनी व्यापला. १९८२ साली तेथे महानगरपालिका आली. पुढे जागा अपुरी पडू लागली, तसा उद्योगांचा ओघ इंद्रायणी ओलांडून चाकणकडे वळला. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला; २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तेथे उभे राहिले. महिंद्र उद्योगसमूहाचा मोटारींचा कारखानाही याच पट्ट्यात आहे.

एवढ्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर नोंदींचा एक पुंजका निर्माण होत असतो. पेनिसिलिनच्या कुपीवर उत्पादन-गटाचा क्रमांक, निर्मितीचा दिनांक आणि मुदतसमाप्तीचा दिनांक असतो. मोटारीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांचा व अंकांचा ओळख-क्रमांक कोरलेला असतो. त्यात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही तीन इंग्रजी अक्षरे वापरीत नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांसारखी दिसतात. कोणता सुटा भाग कोणत्या पुरवठादाराकडून कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या गाडीत बसला, याचीही नोंद ठेवली जाते. एरवी या नोंदींकडे कोणी फिरकत नाही. दोष आढळला म्हणजे मात्र सारे काही त्यांवर अवलंबून राहते.

२०२२ च्या अखेरीस असा प्रसंग आला. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने चाकण येथे तयार होणाऱ्या दोन प्रकारच्या मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या. एक्सयूव्ही ७०० या प्रकारच्या १२,५६६ आणि स्कॉर्पिओ-एन या प्रकारच्या ६,६१८, म्हणजे एकूण १९,१८४ मोटारी होत्या. हाताने गिअर बदलावयाच्या मोटारींपुरताच हा प्रश्न होता. इंजिन आणि गिअरपेटी यांना जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणात रबराचा घडीदार भाता असतो; पुरवठादाराच्या कारखान्यात भाग निवडताना झालेल्या चुकीमुळे त्या भात्याच्या हालचालीस लागणारी मोकळीक बिघडली असण्याची शक्यता होती. परत बोलावण्याची कक्षा कंपनीने निर्मितीच्या दिनांकांनी आखली. १ जुलै २०२२ पासून ११ नोव्हेंबर २०२२ पर्यंत तयार झालेल्या मोटारी तीत येत होत्या.

पुढील वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, याच कंपनीने इंजिनाच्या कप्प्यातील तारांच्या जुडग्याच्या तपासणीसाठी एक्सयूव्ही ७०० या प्रकारच्या १,०८,३०६ मोटारी परत बोलावल्या. त्या वेळचा पल्ला ८ जून २०२१ पासून २८ जून २०२३ पर्यंतचा होता.

सदोष वाहने परत बोलावण्याची ही प्रथा भारतात मोटार उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली स्वेच्छा-संहितेच्या रूपाने सुरू केली. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले आणि केंद्र शासनास तसा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आले आहेत. कायदा असो वा स्वेच्छा, अखेरीस कोणी तरी संगणकापुढे बसून विचारावेच लागते : ‘हा प्रकार, हाताने बदलावयाचा गिअर, आणि निर्मितीचा दिनांक अमुकपासून तमुकपर्यंत.’ या पृच्छेच्या उत्तरात ज्या मोटारीचे नाव येईल तिच्या मालकास निरोप जाईल. ज्या मोटारीचे येणार नाही, तिचा मालक निश्चिंत मनाने घाट चढत राहील.

शब्दांची सूची आणि अंकांची अडचण

शोधयंत्र म्हणजे काय, हे पुस्तकाच्या अखेरीस दिलेल्या शब्दसूचीवरून चटकन ध्यानात येते. सूचीत शब्द वर्णक्रमाने लावलेले असतात आणि प्रत्येकापुढे तो ज्या पृष्ठांवर आला ती पृष्ठे दिलेली असतात. शोधयंत्रही आपल्या ताब्यातील दस्तऐवजांची अशीच सूची आधी करून ठेवते. शब्द विचारला की सर्व दस्तऐवज चाळण्याऐवजी सूचीतील त्या शब्दाची ओळ काढून देते. अमेरिकेतील डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेली ‘ल्युसीन’ ही आज्ञावली या पद्धतीची असून ती सर्वांना विनामूल्य खुली आहे. तिच्याच पायावर शे बॅनन यांनी २०१० साली ‘इलॅस्टिकसर्च’ ही प्रणाली उभी केली. आज जगभरातील असंख्य कार्यालये, दुकाने आणि कारखाने यांचे शोधकार्य या दोहोंवर चालते.

ही सूची शब्दांसाठी उत्तम, परंतु पल्ल्यासाठी गैरसोयीची आहे. ‘भाता’ हा शब्द एकच, म्हणून सूचीतील ओळही एकच. ‘१ जुलैपासून ११ नोव्हेंबरपर्यंत’ याचा अर्थ मात्र १३४ निरनिराळे दिवस, म्हणजे १३४ ओळी. ल्युसीनच्या आरंभीच्या आवृत्त्या पल्ल्यात येणारे प्रत्येक मूल्य सूचीतून काढून ‘हे किंवा ते किंवा ते’ अशी लांबलचक पृच्छा तयार करीत असत. अशी ‘किंवा’ने जोडलेली अंगे १,०२४ पेक्षा अधिक झाली की आज्ञावली काम सोडून देई. दिवसाच्या हिशेबाने ही मर्यादा अडीच वर्षांहून अधिक काळास पुरे; पण वेळेची नोंद सेकंदापर्यंत ठेवलेली असेल तर १,०२४ सेकंद म्हणजे जेमतेम सतरा मिनिटे. कारखान्यातील उत्पादनसाखळीच्या नोंदी तर सेकंदानेच होत असतात.

या अडचणीवर २००९ मध्ये जो उपाय ल्युसीनमध्ये आला, तो कोणत्याही रोखपालास ओळखीचा वाटेल. रोखपाल मोठी रक्कम मोजताना सुट्या नोटा एकेक करून मोजतो, पण बांधलेली गड्डी फोडीत नाही. त्याप्रमाणे प्रत्येक अंक सूचीत एकदाच न नोंदता, नेमके मूल्य, त्याहून ढोबळ मूल्य, त्याहूनही ढोबळ मूल्य अशा अनेक पातळ्यांवर नोंदविण्यात येऊ लागला. दिनांकांच्या भाषेत सांगावयाचे तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे चार महिने अखंड उचलावयाचे आणि नोव्हेंबरचे अकरा दिवस तेवढे सुटे घ्यावयाचे. १३४ ओळींचे काम पंधरा ओळींत भागते.

२०१६ पासून याहून सुटसुटीत व्यवस्था वापरात आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनावर ती आधारलेली आहे. चाकणच्या एखाद्या गोदामात सुटे भाग निर्मितीच्या क्रमाने कप्प्यांत रचले असून प्रत्येक कप्प्यावर ‘सर्वांत जुना अमुक दिवशीचा, सर्वांत नवा तमुक दिवशीचा’ अशी चिठ्ठी लावलेली आहे, अशी कल्पना करावी. भांडारपाल पल्ला हाती घेऊन निघतो. ज्या कप्प्याच्या दोन्ही तारखा पल्ल्याच्या बाहेर एकाच बाजूस असतील, तो कप्पा तो उघडीतच नाही. ज्याच्या दोन्ही तारखा पल्ल्याच्या आत असतील, तो न उघडता सबंध उचलतो. एखादी सीमा ज्या कप्प्याच्या मधूनच जाते तेवढाच कप्पा उघडून आतील भाग एकेक करून पाहावा लागतो. कप्पे हजारो असले तरी असे मधोमध कापले जाणारे कप्पे सीमेपाशीच, म्हणजे मूठभरच असतात. हा सारा खटाटोप सीमेवर होतो, आतल्या विस्तारात नव्हे. म्हणूनच चार महिन्यांचा पल्ला असो वा चार वर्षांचा, उत्तरास लागणारा वेळ त्या प्रमाणात वाढत नाही.

आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. शब्दाने शोध घेतला की शोधयंत्र कोणता दस्तऐवज अधिक समर्पक याचे गुणांकन करते आणि त्या क्रमाने यादी देते. पल्ल्यास गुणांकन लागू नाही. १५ ऑगस्टला तयार झालेली मोटार १ जुलैच्या मोटारीपेक्षा ‘अधिक पल्ल्यात’ नसते. होय किंवा नाही एवढेच उत्तर असल्याने ते प्रत्येक नोंदीमागे एक किंवा शून्य या एकाच खुणेने लिहून ठेवता येते आणि पुन्हा तीच पृच्छा आली तर तयार उत्तर वापरता येते. मात्र ‘या क्षणापासून मागील सात दिवस’ असे विचारल्यास तो क्षण दर वेळी बदलतो आणि जपून ठेवलेले उत्तर निरुपयोगी ठरते. यासाठी जाणकार मंडळी क्षणाऐवजी दिवसाच्या आरंभापासून मोजणी करण्याचा आग्रह धरतात. प्रकार, गिअर आणि दिनांक या तीन अटींची उत्तरे अशा एक–शून्याच्या तीन पट्ट्यांच्या रूपाने हाती आली की त्या एकमेकींवर ठेवून तिन्ही ठिकाणी ‘एक’ असलेल्या नोंदी काढणे हे संगणकाच्या दृष्टीने निमिषार्धाचे काम होय.

अंकाचा शब्द झाला तर

इथवर सर्व काही यंत्राच्या बाजूने सुरळीत आहे. यंत्र चुकत नाही; चुकते ते त्याला सांगितलेले. या बाबतीत महाराष्ट्रातील कार्यालयांनी व उद्योगांनी विशेष सावध असण्याची कारणे आहेत, म्हणून त्यांचा थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट ठरेल.

पिंपरी-चिंचवडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदलेल्या वाहनांच्या पाट्या ‘एमएच १४’ने सुरू होतात. त्यापुढील अक्षरे सोडून केवळ अखेरचा क्रमांक घेतला आणि तो संगणकात अंक म्हणून न साठविता मजकूर म्हणून साठविला, तर काय होईल? मजकुराची क्रमवारी शब्दकोशासारखी लागते. शब्दकोशात ‘कमळ’ हा शब्द ‘खण’च्या आधी येतो तो पहिल्या अक्षरामुळे, लांबीचा त्याच्याशी संबंध नाही. तसेच येथे १, १०, १००, १०००, १००१ हे सारे २ च्या आधी येतात आणि ९ हा ८९९९ च्याही नंतर जातो. ‘५०० पासून ९०० पर्यंत’ असे विचारल्यास उत्तरात ६ ही येतो आणि ७५४२ ही येतो. चूक इतकी ढोबळ असली तर ती कोणाच्या तरी लक्षात येते. पल्ला लहान आणि नोंदी थोड्या असल्या की ती खपून जाते.

मजकूर म्हणून साठवावयाचेच असेल तर जुना तोडगा म्हणजे डावीकडे शून्ये भरून सर्वांची लांबी सारखी करणे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयाच्या तळाशी जो लांबलचक संगणक-संकेतांक असतो, तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याचे आरंभीचे आठ अंक सामान्यतः वर्ष, महिना आणि दिवस या क्रमाने असतात. सप्टेंबर हा ९ नसून ०९ असतो. वर्ष पुढे, दिवस मागे. परिणामी हे संकेतांक अंक म्हणून लावले काय किंवा शब्द म्हणून लावले काय, ते कालक्रमानेच लागतात. आपण लिहितो त्या दिवस–महिना–वर्ष या क्रमात ही सोय नाही. त्या क्रमाने लावल्यास सर्व महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र येऊन बसतात.

देवनागरी अंकांचा प्रश्न मराठीपुरता का होईना, पण महत्त्वाचा आहे. शासकीय पत्रव्यवहारात कोठे देवनागरी अंक असतात, तर कोठे राज्यघटनेने ज्यांस भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे ते. वाचणाऱ्यास दोन्ही सारखेच. संगणकाच्या सार्वत्रिक वर्णसंचात मात्र आंतरराष्ट्रीय रूपाच्या शून्य ते नऊ या अंकांना ४८ ते ५७ आणि देवनागरी अंकांना २४०६ ते २४१५ असे अगदी वेगळे क्रमांक आहेत. दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच रकान्यात मजकूर म्हणून पडल्या, तर देवनागरीतील शून्यसुद्धा दुसऱ्या रूपातील नऊच्या पुढे जाऊन बसते आणि देवनागरीत लिहिलेला दस्तऐवज पल्ल्यातून निमूटपणे गळतो. मराठीतून कामकाज करणाऱ्या कार्यालयाच्याच नोंदी अशा गळाव्यात, ही विसंगती थोडी खेदजनकच म्हणावी लागेल. साठविण्यापूर्वी सर्व अंक एका रूपात आणणे हा त्यावरचा उपाय असून तो मुळीच कठीण नाही. दाखवावयाचे रूप देवनागरी ठेवण्यास त्यामुळे कोणतीही बाधा येत नाही. हजार व लाखाचे स्वल्पविराम, ‘रु.’ ही अक्षरे, ‘कि.मी.’ ही अक्षरे हीदेखील अशीच मूल्यापासून वेगळी ठेवावी लागतात. शासकीय राजपत्रावर इसवी सनाबरोबर शकातील दिनांकही छापला जातो. तो साठवावयाचा असेल तर निराळ्या रकान्यात.

सीमारेषेवरची मोटार

दिनांक मजकूर नसून खरोखर दिनांक म्हणूनच साठविला, तरी सीमेवरचे प्रश्न उरतातच. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांत तो दिवस धरावयाचा की वगळावयाचा? बोलभाषेत तो धरला जातो. संगणकास मात्र ‘तेवढा किंवा अधिक’ आणि ‘नुसता अधिक’ या दोन वेगळ्या आज्ञा असून त्यांपैकी कोणती अभिप्रेत आहे ते स्पष्ट सांगावे लागते. वरच्या टोकाशी आणखी एक खोच आहे. ‘११ नोव्हेंबरपर्यंत’ असे सांगितले आणि वेळ सांगितली नाही, तर काही प्रणाली तिचा अर्थ ११ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वीचे शून्य वाजून शून्य मिनिटे असा घेतात. मग त्या दिवशी तिन्ही पाळ्यांत तयार झालेल्या सर्व मोटारी बाहेर राहतात. ‘१ जुलै किंवा त्यानंतर, आणि १२ नोव्हेंबरच्या आधी’ असे विचारले की हा संशय राहत नाही; अनुभवी आज्ञावलीकार बहुधा असेच लिहितात.

तिसऱ्या पाळीचा प्रश्न तर खास औद्योगिक पट्ट्याचाच आहे. इलॅस्टिकसर्चसारख्या प्रणाली वेळ साठविताना ती जागतिक प्रमाणवेळेत बदलून, १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या मिलिसेकंदांच्या रूपात ठेवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ जुलैच्या उत्तररात्री दोन वाजता चाकणच्या साखळीवरून उतरलेल्या मोटारीची नोंद प्रमाणवेळेनुसार ३० जूनच्या रात्री साडेआठची होते. पृच्छा करणाऱ्याने आपला वेळपट्टा नमूद केला नाही, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत तयार झालेली प्रत्येक मोटार एक दिवस मागे सरकते; आरंभीच्या सीमेवर ती निसटते आणि अखेरच्या सीमेवर नको असलेली आत येते. वेळपट्टा सांगण्याची सोय या प्रणालींत आहे. ती वापरण्याचे स्मरण मात्र माणसास ठेवावे लागते.

दिवस आणि महिना यांच्या अदलाबदलीचे उदाहरण वरच्या दुसऱ्या प्रकरणातील तारखांवरच करून पाहता येईल. ०८/०६/२०२१ ही आपल्या वाचनाने ८ जून, अमेरिकी वाचनाने ६ ऑगस्ट. परदेशी आज्ञावलीने ती दुसऱ्या रीतीने वाचली, तर पल्ल्याचा आरंभ ५९ दिवसांनी पुढे जाईल आणि यंत्र तक्रारीचा एक शब्दही काढणार नाही, कारण ६ ऑगस्ट हीदेखील वैध तारीख आहे. गंमत अशी की, अखेरची २८/०६/२०२३ ही तारीख तेच यंत्र नाकारील, कारण अठ्ठाविसावा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेनंतरच्या चुका उघड्या पडतात, आधीच्या लपून राहतात. तारीख नेहमी वर्ष–महिना–दिवस या क्रमाने चार–दोन–दोन अंकी लिहावी, या आंतरराष्ट्रीय संकेताचे खरे मोल अशा वेळी कळते.

याहून बिकट अवस्था रिकाम्या रकान्याची. एखाद्या नोंदीत निर्मितीचा दिनांक भरलेलाच नसेल तर ती १ जुलैच्या आधीच्या यादीत नसते, नंतरच्या यादीत नसते आणि मधल्या यादीतही नसते. कोणताही पल्ला तिला स्पर्श करीत नाही. यासाठी एक सोपी पडताळणी करता येते. पल्ल्याच्या आधीच्या नोंदी, पल्ल्यातील नोंदी, पल्ल्यानंतरच्या नोंदी आणि रकाना रिक्त असलेल्या नोंदी अशा चार संख्या वेगवेगळ्या मागवाव्यात. त्यांची बेरीज एकूण नोंदींइतकी भरली पाहिजे. भरली नाही तर सीमा चुकल्या आहेत. भरली, पण चौथी संख्या शून्य नाही, तर तेवढ्या नोंदी हाताने तपासावयाच्या आहेत. हिशेबाच्या वहीत ताळा जमविण्याची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. तरीही ही पडताळणी क्वचितच केली जाते.

कोणता दिनांक?

सीमा अचूक आखल्या, पण रकानाच चुकीचा निवडला, असेही घडू शकते. मोटारीला निर्मितीचा दिनांक असतो, विक्रीचा असतो आणि परिवहन कार्यालयातील नोंदणीचाही असतो. नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात चाकणला तयार झालेली मोटार विक्रेत्याच्या आवारात थांबून जानेवारी २०२३ मध्ये नोंदली जाणे अगदी शक्य आहे. नोंदणीच्या दिनांकाने पल्ला लावला तर ती सुटेल. याच कारणास्तव मोटारमालकानेही आपली गाडी ‘२०२३ ची’ आहे म्हणून २०२२ च्या सूचनेशी आपला संबंध नाही असे समजू नये. नोंदणी प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना व वर्ष दिलेले असते. पण नोव्हेंबर २०२२ एवढाच उल्लेख असेल तर मोटार ११ तारखेपूर्वीची की नंतरची हे त्यावरून ठरत नाही. ते ठरते सांगाड्यावरील सतरा स्थानांच्या क्रमांकावरून. प्रमाणपत्रावरही असणारा हा क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवाकेंद्रात दिल्यास आपली मोटार परत बोलावलेल्यांत आहे किंवा नाही हे कळते. तेथे पल्ला उत्पादकाने आधीच लावलेला असतो. मालकास केवळ आपला क्रमांक द्यावयाचा असतो. अशी तपासणी व आवश्यक ती दुरुस्ती विनामूल्य होते. मोटार दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर ही चौकशी आवर्जून करावी, कारण उत्पादकाचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाण्याचा संभव असतो.

शासन निर्णय शोधणाऱ्यांनीही असेच पाहावे. निर्णयाच्या कागदावरील दिनांक आणि तो संकेतस्थळावर चढविल्याचा दिनांक एकच असेल असे नाही. अपेक्षित निर्णय न सापडल्यास ‘पर्यंत’ची चौकट काही दिवसांनी पुढे ढकलून आणि विभागाचे नाव कायम ठेवून पुन्हा शोध घेणे श्रेयस्कर. शीर्षकातील शब्द आठवत नसला तरी विभाग आणि दिनांकांचा पल्ला या दोन अटींवर यादी बहुधा एवढी आटोक्यात येते की ती डोळ्यांखालून घालणे शक्य होते.

काही नोंदी अशाही असतात की ज्यांत एक दिनांक नसून मुळातच दोन असतात. विम्याचे पत्र, प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र, कारखान्याचा परवाना या सर्वांना ‘वैध : या दिवसापासून त्या दिवसापर्यंत’ असा स्वतःचाच पल्ला असतो. तेथे एका पल्ल्याची गाठ दुसऱ्या पल्ल्याशी पडते आणि प्रश्न तीन तऱ्हांनी विचारता येतो. जून महिन्यात केव्हाही वैध असलेले परवाने हवेत, संपूर्ण जूनभर वैध असलेले हवेत, की जूनमध्येच सुरू होऊन जूनमध्येच संपलेले हवेत? पहिल्या प्रश्नास दोन पल्ले एकमेकांस स्पर्शले तरी पुरते. दुसऱ्यात परवान्याने महिना पोटात घेतला पाहिजे. तिसऱ्यात महिन्याने परवाना. तिन्ही उत्तरे वेगळी येतात आणि तिन्ही बरोबर असतात. ‘जून महिन्यातील परवान्यांची यादी सादर करावी’ असे पत्र एखाद्या कार्यालयात आले, तर या तिहींपैकी कोणती यादी अभिप्रेत आहे हे पत्र पाठविणाऱ्यास विचारून घेतल्यावाचून लिपिकास गत्यंतर नाही.